'बायो' म्हणजे नेमकं काय? : कुंभाराच्या आव्यापासून खुब्याच्या सांध्यापर्यंत

आपल्या मंडळाच्या अंकात कथा, कविता, पुस्तक-परिचय हे तर नेहमीच असतं. या वेळी मी जरा वेगळा विषय घेतला आहे. निमित्त एका उपसर्गाचं आहे. 'बायो' हा तो उपसर्ग. टूथपेस्टवर 'बायो', दुकानातल्या पिशवीवर 'बायो', दाताच्या डॉक्टरांकडे 'बायो', आणि सांधा बदलण्याच्या एस्टिमेटमध्येही 'बायो'. मराठीत आपण त्याला 'जैव' म्हणतो आणि पुढे जातो. पण इतक्या वेगवेगळ्या वस्तूंना एकच शब्द लागला की भाषेच्या विद्यार्थ्याला शंका यायलाच हवी. हा शब्द सगळीकडे एकच गोष्ट सांगतोय का?

सांगत नाही. थोडं वाचलं, विज्ञान शाखेतल्या मैत्रिणींना पिडलं, तेव्हा लक्षात आलं की 'बायो'चे निदान चार अर्थ आहेत. पहिला : शरीर ज्याच्याशी भांडत नाही, असा पदार्थ. त्याला जैव-उदासीन म्हणू. दुसरा : शरीर ज्याच्याशी नातं जोडतं, तो जैव-क्रियाशील. तिसरा : सूक्ष्मजीव किंवा शरीर ज्याला हळूहळू संपवून टाकतं, तो जैव-विघटनशील. आणि चौथा : जो सजीवांपासून मिळाला आहे, म्हणजे ज्याचा फक्त उगम जैविक आहे. हे चार अर्थ एकमेकांत मिसळले की आपण भलत्याच गोष्टीला पैसे देतो किंवा भलत्याच गोष्टीवर विश्वास ठेवतो. म्हणून एकेक सोडवून बघू.

भाजलेली माती

सुरुवात सिरॅमिकपासून करू, कारण ते आपल्या अगदी जवळचं आहे. 'सिरॅमिक' हा शब्द ग्रीक 'केरामोस'वरून आला, अर्थ कुंभाराची माती. आपल्या खानापूरची लाल माती, मडकी आणि कौलं सगळ्यांना माहीत आहेत. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. आव्यात मडकं भाजतं तेव्हा काय होतं? मातीतलं पाणी निघून जातं, कण एकमेकांना चिकटतात, आणि पाण्यात विरघळणारी माती पुन्हा कधीच चिखल होत नाही. साध्या मडक्याला साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअस पुरतात. कण पूर्ण जुळत नाहीत, मध्ये बारीक छिद्रं राहतात. म्हणूनच मडक्यातलं पाणी झिरपतं आणि थंड होतं.

आता 'प्रगत सिरॅमिक' म्हणजे काय? तत्त्व तेच, पण नदीकाठच्या मातीऐवजी अगदी शुद्ध भुकटी घ्यायची आणि भट्टी कितीतरी जास्त तापवायची. यातली सर्वांत प्रसिद्ध भुकटी म्हणजे ॲल्युमिना, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचं संयुग. बेळगावकरांना हे नाव नवं नाही. यमनापूरचा हिंडाल्कोचा कारखाना, ज्याला घरातली मोठी माणसं अजून 'इंडाल' म्हणतात, तिथे बॉक्साइटपासून ॲल्युमिना तयार होतं. ॲल्युमिनियम धातू करण्याशिवाय सिरॅमिकसारख्या खास उपयोगांसाठी लागणारं ॲल्युमिनाही तिथे बनतं. ही पांढरी भुकटी दाबून साच्यात बसवली आणि सुमारे १६०० अंशांत भाजली की कण इतके घट्ट जुळतात की छिद्रं जवळजवळ उरतच नाहीत. कठीणपणाच्या मोह्‌स मापावर हिरा १० असतो, ॲल्युमिना ९. माणिक आणि नीलम हेही मुळात ॲल्युमिनाच, किंचित रंग चढलेलं.

उखळीचा सांधा

शाळेत आपण 'उखळीचा सांधा' शिकलो. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या खोबणीत फिरतं, तो खुबा. हा सांधा झिजला की माणूस पायरी चढू शकत नाही, खाली बसू शकत नाही. इंग्लंडमधल्या सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली धातूचं डोकं आणि पॉलिथिलीनची खोबण अशी जोडी वापरायला सुरुवात केली आणि ती जगभर पसरली. पण काही वर्षांनी वेगळीच अडचण दिसली. धातूवर घासून प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण सुटत. शरीरातल्या पेशी त्या कणांना परके समजून त्यांच्यावर तुटून पडत, आणि त्या भांडणात आजूबाजूचं हाडच विरघळू लागे. प्लास्टिक स्वतः मोडत नव्हतं, पण ते ज्या हाडात बसवलं होतं तेच सैल पडत होतं.

फ्रान्समधले शल्यचिकित्सक पिएर बुताँ यांनी १९७० साली डोकं आणि खोबण दोन्ही ॲल्युमिनाची करून बसवली. ॲल्युमिना इतकं कठीण आणि गुळगुळीत करता येतं की झीज फारच कमी होते. शिवाय ते आधीच ऑक्सिजनशी पूर्ण जोडलेलं असतं, म्हणजे त्याला आणखी गंजायला काही शिल्लकच नसतं. शरीर त्याच्याशी भांडत नाही. इथे 'बायो'चा पहिला अर्थ लागू होतो, उदासीनता. शेजारी राहतो, त्रास देत नाही, पण येणंजाणंही नाही.

मात्र मडक्याचा जो दोष तोच याचाही. टाकला की तडकतो. धातू वाकतो, सिरॅमिक वाकत नाही, फुटतं. यावर उपाय म्हणून झिर्कोनिया आलं. त्याची युक्ती मला फार आवडली. शुद्ध झिर्कोनिया गरम असताना एका रचनेत असतं, आणि थंड होताना दुसऱ्या रचनेत जातं. त्या वेळी ते फुगतं आणि तडकतं, त्यामुळे एरवी निरुपयोगी. पण त्यात थोडं यिट्रियम ऑक्साइड मिसळलं की ते थंड झाल्यावरही आधीच्याच रचनेत अडकून राहतं. मग एखादी बारीक चीर पुढे सरकू लागली की तिच्या टोकापाशी ताण वाढतो, तिथले कण झटकन रचना बदलतात, फुगतात आणि चिरेलाच दाबून धरतात. जो दोष होता त्याचाच टेकू केला. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ही कल्पना १९७५ साली मांडली. आज दातांच्या पांढऱ्या कॅप बऱ्याचदा याच झिर्कोनियाच्या असतात.

पण इथेही एक मोठा धडा मिळाला. फ्रान्समधला एक कारखाना खुब्याचे झिर्कोनिया गोळे बनवत असे. १९९८ च्या सुमारास त्याने भट्टी बदलली. आधी माल एकत्र रचून भाजत आणि सावकाश थंड करत. नव्या भट्टीत माल एका लांब बोगद्यातून पुढे सरकत भाजला जाई. पदार्थ तोच, आकार तोच, पण काही बॅचमधले गोळे रुग्णांच्या शरीरात फुटू लागले. २००१ साली ते गोळे बाजारातून परत मागवावे लागले. कुंभाराला विचारलं असतं तर त्यानेही सांगितलं असतं : माती एकच असली तरी आवा बदलला की मडकं बदलतं. सध्या खुब्यासाठी ॲल्युमिनात झिर्कोनियाचे कण मिसळलेलं सिरॅमिक जास्त चालतं. ऑर्थोपेडिकच्या चित्रांत गुलाबी गोळा दिसला तर तो बहुतेक हाच.

कल्हई

आता दुसरा विषय, लेप म्हणजे कोटिंग. हे समजायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही, आजीचं स्वयंपाकघर पुरेसं आहे. पितळेच्या पातेल्यात चिंचेची आमटी केली तर ती कळकते. म्हणून कल्हईवाला येई, भांडं तापवी, नवसागर टाकी आणि कथिलाचा पातळ थर पुसून लावी. भांड्याचं बळ पितळेचं, पण अन्नाला स्पर्श कथिलाचा. वैद्यकीय लेपाचं तत्त्व हेच आहे. आतून ताकद एका पदार्थाची, बाहेरून ओळख दुसऱ्याची.

हाडात बसवायचा खिळा किंवा दांडा बहुतेक टायटॅनियमचा असतो. तो हलका, मजबूत आणि शरीराला चालणारा. पण हाडाने त्याला लवकर आणि घट्ट धरावं यासाठी त्यावर हायड्रॉक्सीॲपटाइटचा लेप देतात. नाव अवघड आहे, वस्तू मात्र आपल्या सगळ्यांच्या अंगात आहे. कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्साइड यांचं हे खनिज हाडातल्या आणि दातातल्या खनिजाचं जवळचं नातेवाईक आहे. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग अशा खनिजाचा असतो. लेप देताना त्याची भुकटी प्लाझ्माच्या झोतातून सोडतात. त्या झोताचं तापमान दहा हजार अंशांच्या घरात असतं. कण अर्धवट वितळतात आणि धातूवर आपटून चिकटतात. थराची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. लंडनमधले सर्जन रोनाल्ड फरलाँग यांनी १९८५ साली असा लेप दिलेला खुब्याचा दांडा वापरला. हाडाच्या पेशींना समोर ओळखीचं खनिज दिसतं आणि त्या त्यावर नवं हाड रचू लागतात. लेप पुढे हळूहळू कमी होत जातो, पण तोवर हाडाने दांडा धरलेला असतो. हा 'बायो'चा दुसरा अर्थ, क्रियाशीलता.

लेपाची भीतीही कल्हईवाल्याला ठाऊक असते. थर निघाला तर? म्हणून काही ठिकाणी वरून थर न देता धातूचाच पृष्ठभाग बदलतात. गुडघ्याच्या काही इम्प्लांटमध्ये झिर्कोनियम-नायोबियमचा धातू हवेत सुमारे ५०० अंशांत तापवतात. त्याचा वरचा जेमतेम पाच मायक्रॉनचा भाग झिर्कोनिया सिरॅमिकमध्ये बदलतो आणि काळा चमकदार दिसतो. आत धातू, वर सिरॅमिक, आणि मध्ये चिकटवलेला सांधा नाही. याला 'ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम' म्हणतात.

हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो एका हॉस्पिटलच्या कागदावर. माझ्या मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. कागदावर तीन प्रकार आणि तीन किमती होत्या, सगळं इंग्लिशमध्ये. काकांनी कागद माझ्यापुढे धरला, "तू इंग्लिश शिकतेस ना, सांग बघू यातलं कुठलं घ्यायचं." वाचता सगळं येत होतं. काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं, "हे वरचं घ्या, बायो आहे, चांगलं असतं." सही मात्र लगेच हवी होती. त्या दिवशी मला कळलं की भाषा येणं आणि मजकूर कळणं यात केवढं अंतर आहे.

म्हणून थोडी उपयोगी माहिती इथेच देते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. त्या वेळी नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या संपूर्ण संचाला ५४,७२० रुपये, आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या संचाला ७६,६०० रुपये, कर वेगळा, अशी मर्यादा होती. पुढे हे आकडे बदलत गेले. पण मुद्दा असा की मर्यादा असते आणि ती विचारता येते. दुसरा मुद्दा, महाग म्हणजे प्रत्येकासाठी जास्त चांगलं असं नाही. कोबाल्ट-क्रोममध्ये थोडं निकेल असतं. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांना सिरॅमिक पृष्ठभागाचा खरा फायदा. बाकीच्यांनी वय, वजन, हालचाल हे सगळं डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. 'बायो' हे त्या प्रश्नाचं उत्तर नाही.

हाडाशी जुळणारी काच

काच शरीरात गेली तर इजा होते, असं आपण मानतो. पण अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी १९६९ साली अशी काच केली जिला हाड चिकटतं. त्याची सुरुवात बसमध्ये झाली. १९६७ साली एका परिषदेला जाताना त्यांच्या शेजारी व्हिएतनामहून परतलेला एक लष्करी अधिकारी होता. जखमी सैनिकांचे हातपाय कापावे लागतात, कारण बसवलेला धातू किंवा प्लास्टिक शरीर स्वीकारत नाही, असं तो म्हणाला. तुम्ही शरीराला चालेल असा पदार्थ का करत नाही, असा त्याचा प्रश्न होता.

हेंच यांनी खिडकीच्या काचेपेक्षा कमी सिलिका आणि जास्त सोडियम, कॅल्शियम आणि थोडं फॉस्फरस असं मिश्रण घेतलं. शंभरात ४५ भाग सिलिका. नेहमीची काच टिकावी म्हणून बनवतात, ही मात्र मुद्दाम किंचित विरघळावी अशी होती. शरीरातल्या द्रवात तिच्यातून सोडियम आणि कॅल्शियम बाहेर पडतं, पृष्ठभागावर सिलिकाचा ओलसर थर उरतो, त्यावर कॅल्शियम-फॉस्फेट जमतं आणि त्याचं हाडासारखं खनिज बनतं. मग हाडाला काच परकी वाटतच नाही. पुढे कानातली इवलीशी हाडं, दातांभोवतीची झिजलेली हाडं आणि शेवटी संवेदनशील दातांसाठीची टूथपेस्ट, इथपर्यंत ती पोहोचली. साहित्य मंडळाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे याच हेंच यांनी मुलांसाठी एका बायॉनिक मांजरीच्या गोष्टीही लिहिल्या. शास्त्र लोकांना सांगायला गोष्ट लागते हे त्यांना कळलं होतं.

तीच भुकटी, पण पाण्यासाठी

आतापर्यंत आपण शरीराबद्दल बोललो. आता पाण्याकडे येऊ. गंमत अशी की पदार्थ बदलत नाहीत, फक्त त्यांची भाजणी बदलते.

ॲल्युमिना घट्ट भाजलं तर खुब्याचा गोळा होतो. पण तेच कमी तापमानाला, छिद्रं तशीच ठेवून तयार केलं तर त्याला 'सक्रिय ॲल्युमिना' म्हणतात. त्याच्या एका ग्रॅममध्ये छिद्रांच्या आतली जागा मोजली तर ती दोनशे चौरस मीटरच्या पुढे जाते. आपला बॅडमिंटन हॉल जवळजवळ एका चमच्यात. या जागेवर पाण्यातलं फ्लोराइड चिकटून बसतं.

फ्लोराइड का काढायचं? उत्तर कर्नाटकातल्या आणि तेलंगणातल्या काही भागांत बोअरच्या पाण्यात ते जास्त असतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड प्यायलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे सांधे आखडतात, पाठ वाकते. कारण पुन्हा तेच आपलं हायड्रॉक्सीॲपटाइट. फ्लोराइड त्यातल्या हायड्रॉक्साइडची जागा घेतं. जे खनिज हाडाला आधार देतं, तेच फ्लोराइडलाही धरून ठेवतं. आणि म्हणूनच जनावरांची हाडं जाळून केलेल्या कोळशातून पाणी गाळलं तर तो कोळसा फ्लोराइड पकडतो. आपल्या हाडाऐवजी त्या हाडात ते अडकतं.

हैदराबादजवळच्या नलगोंडा जिल्ह्याचं नाव या प्रश्नाशी कायमचं जोडलं गेलं आहे. तिथल्या लोकांसाठी नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने एक सोपी पद्धत काढली, तिचं नावच 'नलगोंडा पद्धत'. पाण्यात चुना आणि तुरटी टाकायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी घ्यायचं. तुरटीही ॲल्युमिनियमचीच बहीण. ही पद्धत स्वस्त आहे, पण माप चुकलं तर पाण्यात ॲल्युमिनियम राहू शकतं, म्हणून शिकवलेला माणूस लागतो. सक्रिय ॲल्युमिनाही काही काळाने भरून जातं. ते धुऊन पुन्हा वापरावं लागतं, आणि ते धुतलेलं पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न उरतोच.

घरातल्या स्टीलच्या फिल्टरमधली पांढरी कँडल आठवते? तीही सिरॅमिकच. तिची पूर्वज पॅरिसमध्ये पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलँ यांनी १८८४ साली केलेली चिनी मातीची नळी. तिच्या छिद्रांतून जंतू जात नसत. १८९२ साली रशियातल्या दिमित्री इवानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस अशा नळीतून गाळला, तरी गाळलेला रस रोग पसरवतच राहिला. जंतूंपेक्षाही लहान असं काहीतरी होतं. तेच पुढे 'व्हायरस' म्हणून ओळखलं गेलं. म्हणजे भाजलेल्या मातीच्या एका नळीमुळे विषाणूंचा शोध सुरू झाला. व्यवहारातला धडा असा की कँडल गढूळपणा आणि बरेचसे जंतू अडवते, विषाणू अडवण्याची खात्री देत नाही. पावसाळ्यात पाणी उकळायला सांगणारी आजी बरोबरच होती.

साधा कुंभारही यात येऊ शकतो. ग्वाटेमालातले फर्नांडो मासारिएगोस यांनी १९८१ साली मातीत लाकडाचा भुसा मिसळून कुंडीसारखं भांडं भाजलं. भुसा जळून गेला, छिद्रं राहिली, वर चांदीचा सूक्ष्म लेप दिला. गावातलाच कुंभार बनवू शकेल असा फिल्टर झाला, आणि पुढे तो अनेक देशांत पोहोचला. खानापूरला जाल तेव्हा ही गोष्ट तिथल्या कारागिरांना जरूर सांगा.

कोळंबीची टरफलं

आता शेवटचा गट, बायोपॉलिमर. पॉलिमर म्हणजे छोट्या कड्यांची लांब साखळी. कापूस, लोकर, स्टार्च ही निसर्गाची पॉलिमरं. कोळंबी, म्हणजे आमच्या घरच्या बोलीत सुंगटं, आणि खेकडे यांच्या कवचात 'कायटिन' नावाचं पॉलिमर असतं. कारवार-गोव्याहून बेळगावला येणारी कोळंबी साफ करताना डोकं आणि टरफलं मिळून वजनाचा ४० ते ५० टक्के भाग टाकावा लागतो. रविवारी दुपारी त्या पिशवीचा वास सगळ्या गल्लीला कळतो.

हीच टरफलं सौम्य ॲसिडमध्ये ठेवली की त्यातला चुना निघतो. कॉस्टिक सोड्यात उकळली की प्रथिनं निघतात. उरतं ते कायटिन. त्यावर पुन्हा तीव्र आणि गरम कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली की 'कायटोसान' मिळतं. ही क्रिया फ्रान्समधल्या शार्ल रूजे यांनी १८५९ सालीच नोंदवली होती. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यावर बरंच काम केलं आहे.

कायटोसानचं वैशिष्ट्य असं की ते व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात विरघळतं आणि तेव्हा त्यावर धन विद्युतभार येतो. रक्तपेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, म्हणून त्या कायटोसानला चिकटतात आणि जखमेवर गुठळी बसते. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन सैनिकांच्या प्रथमोपचाराच्या साहित्यात कायटोसानच्या पट्ट्या आल्या त्या यामुळेच. हेंच यांची काचही युद्धातून आली होती हे लक्षात आलं तेव्हा मन थोडं खट्टू झालं. पण तोच गुण शांतपणे पाण्यातही काम करतो. रंगाच्या कारखान्यांच्या सांडपाण्यातले बरेच रंग ऋण भाराचे असतात, गाळाचे कणही तसेच. कायटोसान त्यांना गोळा करून तळाशी बसवतं. काही जड धातूंनाही धरून ठेवतं.

इथे 'बायो'चा चौथा अर्थ तपासायचा. उगम जैविक आहे, पण वाटेत ॲसिड आणि कॉस्टिक लागलं. ते धुतलेलं पाणी प्रक्रिया न करता खाडीत सोडलं तर एक कचरा उचलून दुसरा टाकल्यासारखं होईल. ॲल्युमिनाचंही तसंच. बॉक्साइटमधून पांढरी भुकटी काढताना जवळजवळ तितक्याच वजनाचा किंवा त्याहून जास्त लाल चिखल मागे राहतो, आणि तो क्षारयुक्त असतो. माणसाचा खुबा नीट करणाऱ्या पदार्थाने डोंगराला काय केलं, हाही प्रश्न त्याच हिशेबात धरायला हवा.

मक्याची पिशवी

विघटनशील पदार्थांत सगळ्यांत जास्त गोंधळ 'पीएलए'बद्दल आहे. मका किंवा उसातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल करतात, त्याची साखळी म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल. दही आंबट करणारं हेच ते आम्ल. शरीरात याच जातीच्या पॉलिमरचे टाके आणि स्क्रू वापरतात. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पाण्याने साखळी तुटत जाते, उरलेलं शरीर पचवून टाकतं, टाके काढायला पुन्हा जावं लागत नाही. पूर्वी मेंढीच्या आतड्यापासून केलेला दोरा हे काम करायचा.

मग हीच पिशवी रस्त्याकडेच्या गटारात टाकली तर विरघळेल का? नाही. पीएलएला नीट कुजायला साधारण ६० अंशांची उष्णता, ओल आणि योग्य सूक्ष्मजीव लागतात. असं वातावरण मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात मिळतं. गटारात, नदीत, समुद्रात ती पिशवी दीर्घकाळ पिशवीच राहते, आणि गाईच्या पोटात गेली तर तिथेही पिशवीच. भारतात कंपोस्ट होणाऱ्या पिशवीला आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. नुसता हिरवा रंग आणि 'बायो' हा शब्द म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. आणि प्रमाणपत्र असलं तरी गावात तसा कंपोस्ट प्रकल्प आहे का, हा पुढचा प्रश्न.

तीन प्रश्न

एवढं सगळं वाचल्यावर लक्षात ठेवायला मी तीन प्रश्न काढले आहेत. 'बायो' शब्द दिसला की ते विचारायचे. हे कुठे वापरायचं आहे? किती दिवस टिकायला हवं? आणि काम संपल्यावर त्याचं काय होतं?

खुब्याचा सिरॅमिक गोळा : सांध्यात, वीस वर्षांहून जास्त, आणि तोपर्यंत काहीच होऊ नये हीच अपेक्षा. हाडावरचा लेप : हाड धरेपर्यंत, मग त्याने मागे सरकायचं. टाका : जखम भरेपर्यंत, मग नाहीसं व्हायचं. फिल्टरमधला ॲल्युमिना : भरेपर्यंत, मग धुऊन पुन्हा, आणि धुतलेलं पाणी सुरक्षित जागी. पिशवी : बाजारातून घरापर्यंत, म्हणजे अर्धा तास. अर्ध्या तासाच्या कामासाठी कापडी पिशवीच पुरते, हे उत्तर त्या प्रश्नातूनच निघतं. एकच गुण, टिकणं, खुब्यात हवाहवासा आणि गटारात नकोसा असतो. म्हणून पदार्थाला चांगला-वाईट म्हणण्याआधी त्याची जागा विचारायची.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या घरातल्या बऱ्याच लोकांना हॉस्पिटलचे कागद इंग्लिशमध्ये मिळतात, सरकारी सूचना कन्नडमध्ये, आणि घरी विचार मराठीत किंवा कोकणीत होतो. या तिन्हींच्या मध्ये उभे राहणारे आपण विद्यार्थी आहोत. विज्ञान शाखेच्या मुलांना सोबत घेऊन सांधा, दात, स्टेंट, फिल्टर आणि पिशवी या पाच गोष्टींवर प्रत्येकी एक पान साध्या मराठीत तयार करू. शब्दाचा अर्थ, विचारायचे प्रश्न आणि किमतीची मर्यादा कुठे बघायची एवढंच त्यात असेल. मजकूर विज्ञानाच्या शिक्षकांकडून तपासून घेऊ. गुडघ्याचं पान लिहायला मी तयार आहे. बाकी चार पानांसाठी नावं पुढच्या बैठकीत द्यावीत.